गाय कुणाची व्याली?

युरोपातल्या गाई पुढच्या तीन महिन्यांत किती दूध देणार, हे मी दर गुरुवारी रियाधमध्ये बसून सांगते आणि त्याचा मला पगार मिळतो. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आप्पा म्हणजे माझे वडील. "आन् त्या गाई तुझं ऐकत्यात व्हय?" असं त्यांनी विचारलं होतं. मला तेव्हा रागच आला होता. मी तशी तापट आहे, आणि माझ्या कामाला कुणी हसलेलं मला चालत नाही.

अल सुलैच्या गोदामांच्या रांगेत आमच्या कंपनीचंही एक गोदाम आहे. आयर्लंड, हॉलंड, पोलंड, फ्रान्स अशा ठिकाणांहून तिथे दूध पावडरच्या पिशव्या येतात आणि बेकरीवाल्यांना, आइस्क्रीमवाल्यांना जातात. तिकडे दूध वाढलं की पावडर स्वस्त होते, घटलं की महाग. तेव्हा माल आत्ताच उचलायचा की थांबायचं, हे ठरवायला आमचे मुदीर, म्हणजे मॅनेजर, माझ्याकडून दर आठवड्याला दीड पानाची टिपणी मागतात. तिच्यात पेंडीचा भाव, विजेचा दर, खत, मजुरी, तिकडच्या सरकारांचे नियम, पाऊस, गवत असं सगळं असतं. गाय शेवटी येते, तीही आकड्यातूनच. इतकी वर्षं हे करतेय, पण तिकडची एकसुद्धा गाय मी पाहिलेली नाही.

आप्पांचं सगळं उलटं. कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत ते तीस-बत्तीस वर्षं फॅट काढायला होते. सकाळ-संध्याकाळ माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहायची, आप्पा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचे आणि फॅट सांगायचे. कमी लागली की अख्खं गाव त्यांच्याशी भांडायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्याच पुढ्यात किटली ठेवायचं. घरी आमची एकच गाय होती, काळी-पांढरी एचएफ. ती आईची. चारा, पाणी, धार, सगळं आईच करायची. आप्पा त्या गाईचं दूधही इतरांसारखंच रांगेत लावून तपासायचे. एकदा फॅट कमी लागली म्हणून आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

आई गेली भाद्रपदात. गाय तेव्हा दुधात होती आणि तीन महिन्यांची गाभणही होती. आप्पांनी जन्मभर गावाचं दूध तपासलं, पण धार काढायला ते कधी बसले नव्हते. आता बसायला लागले, तर गाय पान्हा चोरायला लागली. आठ दिवस तिनं त्यांना दाद दिली नाही. नवव्या दिवशी आप्पांनी आईचं जुनं इरकली लुगडं खांद्यावर टाकलं आणि गोठ्यात गेले. गाईनं लुगड्याचा वास घेतला आणि पान्हा सोडला.

हे त्यांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा गुरुवार होता, माझी टिपणी अर्धी लिहून व्हायची होती आणि मुदीर दोनदा काचेतून डोकावून गेले होते. "फसली की गं बया," आप्पा हसत होते. "का तिला कळलंबी असंल, देव जाणे." मी एक डोळा स्क्रीनवर ठेवून म्हटलं, "आप्पा, विकून टाका आता ती गाय. या वयात कशाला ही उठाठेव? तुम्ही इकडे या." त्यानंतर दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी तेच म्हणत राहिले. मी एकुलती एक, मुलगी शिकायला पुण्याच्या हॉस्टेलवर, घरात मी आणि नवरा. आप्पांची खोली मी मनात कधीच लावून ठेवली होती. मार्गशीर्षात त्यांनी गाय मळ्यातल्या एका घराला दिली आणि जानेवारीत ते व्हिजिट व्हिसावर रियाधला आले.

पहिल्याच सकाळी मी चहा ठेवला, तर म्हणाले, "दूध घालू नको गं मला."

मला वाटलं, इथलं दूध आवडलं नसेल. मी चार प्रकारचं दूध आणलं. आमच्या गोदामातली सगळ्यात चांगली आयरिश पावडर आणली. आप्पांनी ती चिमटीत घेऊन चोळली, जिभेवर ठेवली, "फॅट हाय, वास न्हाई," असा निकाल दिला आणि कोरा चहा प्यायले. रोज कोराच. माझ्या घरी दुधाच्या धंद्याचा पगार येतो आणि माझा बाप कोरा चहा पितो, हे मला फार लागायचं. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. त्यांनी कायमचं माझ्याकडे राहावं, आणि गाय विकली ते बरं केलं असं एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं. पहिली गोष्ट मी बोलून दाखवायचे. दुसरीचं नाव काढायची मला भीती वाटायची.

दिवसभर ते मलजमधल्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून असायचे. बुधवारी संध्याकाळी मी टिपणी लिहायला बसले की समोरची खुर्ची ओढून घ्यायचे. इंग्रजी त्यांना येत नाही, म्हणून मी लिहीत लिहीत मराठीत वाचून दाखवायला लागले. आणि बघता बघता माणूस त्यात रंगला.

हॉलंडचं नाव निघालं की ते सावरून बसायचे, कारण एचएफ गाई मुळातल्या तिकडच्या. "म्हंजे आपल्या गाईचं म्हायेर की." तिथलं सरकार शेण फार झालं म्हणून गाई कमी करायला सांगतं, हे ऐकून त्यांना माहेरच्या माणसांचा अपमान झाल्यासारखं वाटलं. "शेण जादा झालं? अगं, शेण कधी जादा हुतंय का? आमच्याकडं धाडा म्हणावं." पोलंडमधले पाच-सहा गाईंचे गोठे बंद पडतायत म्हटल्यावर ते हळहळले. डेन्मार्कमध्ये दूध काढायला यंत्रमाणूस आहे म्हटल्यावर मात्र त्यांनी चमकून विचारलं, "आन् त्याला पान्हा सोडती गाय?"

आयर्लंडवर ते सगळ्यात जास्त रेंगाळले. मी सांगितलं, तिथं गवत हाच स्वस्तातला स्वस्त चारा, म्हणून गवत फुटायच्या सुमाराला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, जवळजवळ सगळ्या गाई एकदम व्यातील असं बघतात. मग एप्रिल-मेमध्ये दुधाचा लोट येतो.

"समद्या एकदम व्यात्यात?" आप्पा म्हणाले. "मग एवढा चीक कुणाच्या घरी जातोय?"

"आप्पा, माझ्या टिपणीत चिकाला रकाना नाही."

"मग टिपणी अर्धीच हाय तुझी."

मी हसले आणि पुढे वाचायला लागले. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या बुधवारी मुदीरचा प्रश्न होता, की तिकडे दुधाला दर चांगला मिळायला लागला तरी शेतकरी दूध का वाढवत नाहीत. प्रश्न चांगला होता आणि मी खूप वाचलं होतं. आपलं उत्तर मस्त जमलंय या नादात मी आप्पांना धडाधड कारणं वाचून दाखवत होते. गोठा वाढवायचा तर परवाने मिळत नाहीत, मजूर मिळत नाहीत, उद्या दर पडेल ही धास्ती. "आणि सगळ्यात मोठं कारण," मी वाचलं, "गोठ्याचा मालक साठीच्या पुढे गेलेला, आणि पुढे गोठा चालवायला घरात कुणी नाही."

वाचलं आणि मी मान वर करून आप्पांकडे पाहिलं.

आप्पांनी टेबलावरचा एक कण बोटानं टिपला. "लिही की," ते म्हणाले. "खरं हाय ते." मग त्यांनी विचारलं, "गोठं बंद पडल्यावर त्या गाई कुटं जात्यात?"

"शेजारच्या मोठ्या गोठ्यात. म्हणून तर गोठे एवढे कमी झाले तरी दूध तितकंसं कमी होत नाही."

"म्हंजे दूध थांबत न्हाई."

"नाही, आप्पा."

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

त्यानंतर त्यांचं बोलणं कमी झालं. जेवणही. टिपणी ऐकायला ते बसायचे, पण प्रश्न विचारायचे नाहीत. अपराध माझा होता आणि चिडचिड मी नवऱ्यावर करत होते. व्हिसा संपायला पाच-सहा आठवडे होते, पण मला राहवेना. मी तो ऑनलाइन आणखी तीन महिन्यांनी वाढवून टाकला. आप्पांना विचारलंसुद्धा नाही. थोडे रुळले की होईल सगळं ठीक, अशी मी माझीच समजूत घातली.

रमजान सुरू झाला आणि ऑफिस लवकर सुटायला लागलं. एका दुपारी मनात आलं, आप्पांना खरवस करून घालावा. गाय व्याल्यावर पहिल्या दिवसांत जे घट्ट, पिवळसर दूध येतं तो चीक, आणि खरवस त्याचाच. इथे चीक कुठला मिळणार? पण रियाधमधल्या आम्हा सगळ्या मराठी बायकांना पावडरीचा खरवस येतो. दूध पावडर, डब्यातलं आटवलेलं गोड दूध आणि दही फेटायचं, वरून वेलची-जायफळ, आणि शिट्टी काढून कुकरमध्ये वाफवायचं. मी आयरिश पावडर घेतली, दही हॉलंडचं निघालं. वड्या अशा सुंदर पडल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

संध्याकाळी बशी आप्पांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि ताठ बसले. आल्यापासून त्यांचा चेहरा मी इतका उजळलेला पाहिला नव्हता.

"गाय कुणाची व्याली?" त्यांनी विचारलं.

"कुणाची नाही, आप्पा. पावडरीचा आहे तो."

"व्हय व्हय," ते घाईनं म्हणाले. "मी बी येडाच. हितं कुटली गाय." आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांनी अख्खी बशी संपवली. "गोड झालाय," म्हणाले. मग बशी बाजूला सारून त्यांनी विचारलं, "पाडव्याला किती दिस ऱ्हायलं गं?"

आता मी सोडणार नव्हते. पाडव्याचं काय, ते सांगा. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलले. गाय पाडव्याच्या मागंपुढं व्यायची होती. आमच्या गावात चीक विकत नाहीत, वाटतात. आणि गाभण गाय विकली, तर ती नव्या घरी व्याल्यावर तिचा पहिला चीक जुन्या मालकाच्या घरी पाठवायची रीत आहे. तांब्या घेऊन माणूस येतो. तो तांब्याही रिकामा परत करायचा नसतो. मळ्यातली माणसं रीत पाळणारी, ती येणार. आणि आमच्या दाराला कुलूप.

"तुझ्या आईची गाय ती," आप्पा म्हणाले. "तिच्या दारातनं चीक माघारी गेला, हे मला सोसायचं न्हाई."

मी भडकलेच. "मग इतके दिवस तोंडाला काय कुलूप होतं का तुमच्या? सांगायचं नाही का?"

"तू एवढ्या हौसंनं बोलावलंस, पोरी. तांब्याभर चिकासाठी मी माघारी जातो, असं कसं सांगू तुला?"

मग मला रडू आवरेना. मी त्यांना व्हिसा वाढवल्याचं सांगितलं. गाय विकायला लावली ती चूक झाली का, हेही एकदाचं विचारून टाकलं. आप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. फॅट कमी लागलेल्या माणसालाही ते कधी खोटा आकडा सांगत नसत. ते म्हणाले, "न्हाई गं, मला झेपत नव्हतीच. पर तुज्याआधी मला सुचाय पायजे हुतं. मग मी शांतपणानं दिली असती."

दुसऱ्या दिवशी मी मुदीरकडे अर्ध्या दिवसाची रजा मागायला गेले. ईदच्या आधी तिकिटं मिळत नव्हती, एजंटाकडे स्वतः जायला हवं होतं. कारण विचारलं तेव्हा इंग्रजीत, थोडं गोदामातल्या हिंदीत, सगळं सांगून टाकलं. मुदीर तसा रुक्ष माणूस, गुरुवारी दुपारपर्यंत टिपणी मिळाली नाही तर सलामही करत नाही. त्यांनी हातातली जपमाळ टेबलावर ठेवली. त्यांची आजी वाळवंटातल्या हफ्र अल बातिनच्या बाजूची, तिच्या सांडण्या होत्या. वाटसरू आला की तिनं वाडगाभर दूध द्यायचं. त्याचा भाव कुणी विचारला तर आजी त्या माणसाशी पुन्हा बोलायची नाही. "आणि आता आमचाच एक चुलतभाऊ हायवेवर त्याच दुधाच्या बाटल्या विकतो," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "यल्ला, जा. वडिलांच्या दाराला कुलूप नको."

संध्याकाळी त्यांच्या ड्रायव्हरनं आमच्या घरी सुक्करी खजुराचा एक डबा आणून दिला. तांब्या रिकामा परत करायचा नसतो, एवढं त्यांच्या नीट लक्षात राहिलं होतं.

तिकीट मिळालं ते पाडव्याच्या चार दिवस आधीचं. बॅग मीच भरली. तळाशी आईचं इरकली लुगडं होतं, घडी घालून आणलेलं. ते इतके दिवस माझ्या घरात होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच्यावर मी खजुराचा डबा ठेवला. विमानतळावर आप्पा म्हणाले, "रुसू नको. तुझ्या घरी मला काय बी कमी न्हवतं." मला ते माहीत होतं, म्हणूनच तर रडू येत होतं.

गाय पाडव्यानंतर दोन दिवसांनी व्याली, कालवड झाली. ईदची सुट्टी होती, मी घरीच होते. आप्पांचा फोन आला. तांब्याभर चीक आला होता. तांब्यात खजूर घालून त्यांनी माघारी पाठवला होता. खरवस त्यांनी स्वतःच्या हातानं गूळ घालून केला. "कसा झालाय?" मी विचारलं. "तुझ्या त्या पावडरीपरीस जरा बरा," ते म्हणाले. नवरा म्हणाला, चला, मिटलं सगळं. मलाही तसंच वाटलं. फक्त संध्याकाळी मी आप्पांच्या रिकाम्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसले.

सुट्टी संपून ऑफिस सुरू झालं त्या आठवड्यात दुपारी अडीचच्या सुमाराला फोन वाजला. गावाकडे ती धारेची वेळ. मी आयर्लंडच्या वाढत्या दुधाचे आकडे बघत होते. आप्पांच्या मागे कालवडीचं हंबरणं ऐकू येत होतं.

"मळ्यात आलोय," ते म्हणाले. चीक संपला तशी गाईनं नव्या घरातही आपले गुण दाखवले होते. घरची सून धारेला बसायची आणि गाय पान्हा चोरायची. कालवडीला सोडायची, सुनेला नाही. तीन दिवस झाले, पोरगी रडकुंडीला आली, सासरा पान्ह्याचं इंजेक्शन द्यायचं म्हणायला लागला. शेवटी त्यांनी आप्पांना बोलावलं.

"मग तुम्ही लुगडं घेऊन गेलात," मी म्हटलं.

"व्हय."

"खांद्यावर टाकलंत आणि बसलात धारेला. अहो आप्पा, गुडघे काय म्हणतायत तुमचे? रोज तिथवर चालत जाणार आहात का आता? सांगा तरी!"

"मी न्हाई बसलो," आप्पा म्हणाले. "पोरीच्या खांद्यावर टाकलं. तू ऐक आता."

त्यांनी फोन कुठेतरी खाली, गव्हाणीवर वगैरे, ठेवला असावा. आधी नुसता गाईचा श्वास ऐकू आला. मग रिकाम्या बादलीच्या तळावर पहिली धार पडली, चर्रकन, मग दुसरी. हा आवाज मी शेवटचा कधी ऐकला होता ते मला आठवेना. आई धारेला बसायची तेव्हा मी दारात दप्तर घेऊन उभी असायचे. काचेपलीकडे मुदीर भुवया उंचावून विचारत होते, काय झालं? मी हातानंच थांबा म्हटलं. बादलीत दूध चढत गेलं तसा धारेचा आवाज भरदार होत गेला आणि मला माझ्या आईचं लुगडं दिसत राहिलं, मी कधी न पाहिलेल्या एका मुलीच्या खांद्यावर.

थोड्या वेळानं आप्पांनी फोन उचलला.

"आप्पा," मी म्हटलं, "ते लुगडं तिच्याकडेच राहू दे."

"ते मी कवाच दिलंय तिला," आप्पा म्हणाले. "फोन ठेव आता. पोरीनं चहा आणलाय, दूध घालून. निवंल."